काढल्यास काय होईल

वाचनालयात तिला सगळे पाचरबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. पाचर म्हणजे दाराखाली सरकवायचा लाकडाचा उतरता तुकडा. तासायला दहा मिनिटं लागतात, पण तो नसला की दार दिवसभर आपटत राहतं. "माझ्या कामावरून मला नाव पडलं, त्यात रागवायचं काय?" ती म्हणे. "साहेब लोकांना त्यांच्या कामावरून नाव द्यायचं म्हटलं तर काय द्याल, सांगा बरं." आणि उत्तराची वाट न बघता ती खुशीत पाना उचलून चालू लागे.

इमारत चार मजली, जुनी, उंच छताची. खाली काउंटर आणि साहेबांची खोली, पहिल्या मजल्यावर वाचनकक्ष, वरचे दोन मजले नुसते पुस्तकांचे, आणि तळघरात दुरुस्तीखोली. त्या खोलीत ती एकतीस वर्षं बसली. बसली म्हणजे काय, डबा खाण्यापुरती बसली. बाकी वेळ कुठे नळ गळतोय, कुठे खिडकी अडकलीय, कुठे पुस्तकं वर पाठवायची छोटी लिफ्ट मध्येच रुसून बसलीय, यातच तिचा जन्म गेला. कमरेला हत्यारांचा पट्टा, पायात जाड तळाचे बूट, आणि गळ्यात कॅमेरा.

हो, कॅमेरा. दुरुस्तीवालीला कॅमेरा कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक माणूस विचारायचा. सांगते.

तिने आयुष्यात माणसाचा फोटो काढला नाही. घरातले माणसांचे सगळे फोटो नवऱ्याने काढलेले. तो होता तोवर ते खातं त्याच्याकडे होतं. ही फोटो काढायची ते वस्तूंचे, आणि तेही धड वस्तूंचे नाहीत. एकीची जागा दुसरीने चालवली असेल तर त्या दुसरीचे. खिडकीची कडी तुटली म्हणून तिथे अडकवलेला लाकडी चमचा. बिजागरीच्या खिळ्याच्या जागी बसवलेली विणकामाची सुई. नळाच्या आत वायसर म्हणून बाटलीच्या बुचाची चकती. छोट्या लिफ्टची दोरी अडकवायच्या आकड्याच्या जागी, तुम्हाला खरं वाटणार नाही, एका बाहुलीचा वाकलेला हात. कुण्या मुलीची बाहुली मोडकी म्हणून कचऱ्यात आली होती. हात मात्र शाबूत होता, आणि कोपरात असा नेमका वाकलेला की पाचरबाईने तो पाहिला आणि तिचा दिवस सोन्याचा झाला.

हे सगळं एका जाडजूड आल्बममध्ये चिकटवलेलं. पुढच्या भागात वाचनालयातल्या वस्तू, मागच्या भागात रस्त्यावरच्या. भाजीवालीच्या तराजूत एका बाजूला कायमचा बांधलेला खडा. शेजाऱ्याचं फाटक, जे त्याने स्वतःच्या टायने बांधून ठेवलं होतं, आणि टायची गाठ अशी झकास की तो आता कामावर निघालाय असं वाटावं. बसथांब्यावरचं बाकडं, ज्याचा चौथा पाय म्हणजे तीन विटा. तिला असं काही दिसलं की ती भर रस्त्यात थांबायची. सोबतच्या माणसाने पुढे जाऊन एकट्याने बडबड करावी आणि मागे वळून बघावं तर ही उकिडवी बसून बाकड्याच्या पायाशी. लेकीच्या लग्नातही तिने असाच एक फोटो काढला होता, लेकीच्याच खुर्चीच्या पायाचा, कारण तो रुमालाने बांधलेला होता. लेकीने ते आजतागायत विसरायचं नाव घेतलेलं नाही.

पण हा नुसता नाद नव्हता. याच्या मुळाशी दोन बोटं आहेत.

ती नवी होती तेव्हा तिला काम शिकवणारा एक वस्ताद होता. बोलायला कडू, हाताला सोनं. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचं वरचं तावदान खाली घसरायला लागलं. नवा भाग मागवायचा होता, तोवर पाचरबाईने खाली एक काठीचा तुकडा टेकवून तावदान वर धरलं. काम चोख झालं. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईने झाडताना ती काठी पाहिली. चांगली बाई, कामाची. तिला वाटलं कचरा आहे, तिने काढून टाकली. तावदानाच्या खाचा गंजल्या होत्या म्हणून ते लगेच खाली आलं नाही. तासाभराने आलं, वस्ताद चौकटीवर हात ठेवून बाहेर बघत होता तेव्हा. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

ती दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी रडत उभी राहिली. वस्ताद म्हणाला, "रडतेस कशाला? काठी बरोबर लावली होतीस. झाडणारीनेही झाडण्याचंच काम केलं. पण ती काठी तिथे काय काम करतेय हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं, ही चूक. यापुढे तात्पुरतं काही लावलंस तर त्याचं तोंड जगाला दाखवून ठेव."

तिला चित्र काढता येत नव्हतं. म्हणून कॅमेरा. तेव्हापासून तिने लावलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो आल्बममध्ये गेला आणि त्याखाली तिच्या टपोऱ्या अक्षरात चार ओळी. कुठे. काय. कधीपासून. काढल्यास काय होईल. शेवटची ओळ महत्त्वाची. 'काढल्यास काय होईल: नळ रात्रभर गळेल.' 'काढल्यास काय होईल: घड्याळ थांबेल आणि सगळे लवकर घरी जातील.' आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक तारीख, त्या वस्तूच्या जागी खरा भाग द्या म्हणून तिने वर मागणीपत्र पाठवलं ती.

मागणीपत्र तिने दर वेळी पाठवलं. एकही चुकवलं नाही. साहेब बदलले, पाच बदलले, मागणीपत्रांना केराची टोपली तेवढी कायम राहिली. मग ती नक्कल घडी घालून ठेवायची आणि लोकांना म्हणायची, "तात्पुरतं मी लावते. कायमचं ते करतात."

झाडणाऱ्यांपासून काउंटरवरच्या बाईंपर्यंत सगळे तो आल्बम बघायला तळघरात यायचे. नवीन माणूस कामाला लागला की त्याला आधी तिथेच पाठवत. इमारतीचा नकाशा साहेबांच्या भिंतीवर होता, पण इमारत कशी उभी आहे ते या आल्बममध्ये होतं. एकतीस वर्षांत पुन्हा कुणाचं बोट गेलं नाही. कुणी तिला त्याबद्दल शाबासकी दिली नाही, ते सोडा. तिला स्वतःला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

तिची निवृत्ती चार महिन्यांवर आली तेव्हा नवे साहेब आले. सहावे.

साहेब तरुण, नीटनेटके, बोलणं गोड. त्यांना कुठेही काही वाकडं दिसलं की अंगावर काटा यायचा. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाचनकक्षाच्या खिडकीतला चमचा पाहिला आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "हे काय आहे?" काउंटरबाई भोळ्या आणि पाचरबाईच्या मैत्रीण. त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "तळघरात जा ना साहेब, आमच्या पाचरबाईचा आल्बम बघा. असे एकशे त्रेचाळीस आहेत."

साहेबांनी आल्बम बघितला. उभ्यानेच बघितला. पहिली काही पानं हसत, मग कोपऱ्यातल्या तारखांकडे लक्ष गेलं आणि त्यांचं हसू मावळलं. कारण येत्या शुक्रवारी तपासणी समिती यायची होती, आणि समितीपुढे ठेवायच्या कागदावर साहेबांनी आधीच छापून घेतलं होतं की इमारतीत एकही तात्पुरती दुरुस्ती नाही.

सोमवारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"बसा बाई. तुमचं काम मला माहीत आहे, फार छान आहे. फक्त या कागदावर तुमची एक सही हवी. दुरुस्तीखात्याची म्हणून. आणि तो आल्बम जरा माझ्या कपाटात ठेवू या."

तिने कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हे खोटं आहे, साहेब."

"खोटं कसं? या छोट्या छोट्या गोष्टी कुणाच्या डोळ्यावर येतात?"

"तुमच्या आल्या की."

साहेबांनी हसून घेतलं. "बाई, चार महिने राहिलेत तुमचे. निरोपाच्या पत्रात तुमच्याबद्दल काय लिहायचं ते मलाच लिहायचंय. वाद कशाला?"

इथे तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहीचं एक वेळ ठीक, सही मागणारे तिने याआधीही पाहिले होते. पण आल्बम? कपाटात? कपाटात गेलेली गोष्ट परत येत नाही हे तिला तिच्या मागणीपत्रांनी शिकवलं होतं. तो आल्बम म्हणजे वस्तादाची दोन बोटं होती. तिची एकतीस वर्षं होती. तिच्या जागी उद्या जो येईल त्याला काय सांगायचं, हातात पाना द्यायचा आणि म्हणायचं, बघ बाबा तुझं तू?

"आल्बम माझा आहे," ती म्हणाली. "कॅमेरा माझा, छापून घेतले मी, चिकटवले मी. बघायचा तर रोज या. द्यायचा नाही."

"पण फोटोतल्या वस्तू कार्यालयाच्या आहेत ना?" साहेबांचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "म्हणजे फोटोही कार्यालयाचे."

"भाजीवालीचा तराजूही कार्यालयाचा?"

साहेबांनी कागद फायलीत परत ठेवला. ती उठली आणि तळघरात गेली. संध्याकाळी घरी जाताना तिने आल्बम टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातला आणि वर भाजीची जुडी ठेवली. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "काय नेताय बाई?" ती म्हणाली, "माझं डोकं." तो हसला. तिला हसू आलं नाही. रस्ताभर तिने पिशवी पोटाशी धरली होती.

बुधवारी लेखी हुकूम आला. साहेबांना वाटलं असावं, तोंडी बोलण्यात बाई ऐकत नाही, कागदाला घाबरेल. कागदावर दोन कलमं होती. एक, इमारतीतील सर्व तात्पुरत्या वस्तू गुरुवारी सायंकाळपर्यंत काढून साहेबांच्या कार्यालयात जमा कराव्यात. दोन, त्या वस्तूंचे फोटो असलेला आल्बम सोबत जमा करावा, अन्यथा कारवाई होईल.

तिने तो कागद काउंटरबाईंना दाखवला. काउंटरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "देऊन टाक गं तो आल्बम. चार महिन्यांसाठी कशाला जिवाला घोर?"

"चार महिने माझे आहेत," पाचरबाई म्हणाली. "इमारत नंतरही आहे."

"मग करणार काय?"

तिने कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की काउंटरबाईंनी, पंचवीस वर्षांच्या मैत्रिणीने, खुर्ची जरा मागे सरकवली.

"पहिलं कलम पाळणार," पाचरबाई म्हणाली.

ती सरळ साहेबांकडे गेली. आगाऊ विचारलेलं बरं, नाहीतर नंतर म्हणतील बाईने सांगितलं नाही. "साहेब, सर्व म्हणजे सर्व? काढल्यावर काय काय होईल ते सांगू का?"

साहेब फोनवर होते. त्यांनी हात हलवला.

"मग इथे तेवढं लिहून द्या. सर्व."

साहेबांनी फोन कानाशी धरूनच कागदाच्या कडेला लिहिलं, 'होय, सर्व', आणि खाली झोकदार सही केली. सही झोकदारच होती, यात वाद नाही.

गुरुवारी वाचक गेल्यावर तिने हातात बादली घेतली. आल्बम घरी होता, पण तिला तो लागणार नव्हता. सगळी पानं पाठ होती. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. बाहुलीचा हात सोडवला. विणकामाची सुई ओढली. पुस्तकांची नोंदकार्डं ठेवायच्या वीस खणांच्या कपाटाखालून बुटाची रबरी टाच काढली. घड्याळाच्या आतून कंगव्याचा दात. नळातून बुचाची चकती. खिडकीतून चमचा. काढताना वाईट वाटत नव्हतं असं नाही. एकेक वस्तू लावतानाचा दिवस आठवत होता. वाचनकक्षाच्या दाराशी ती शेवटी आली. त्या दाराची, ते हळू मिटवणारी स्प्रिंग पार निकामी, जिन्यातून वारा आला की दार आपोआप उघडायचं आणि आपटायचं. खाली तिची सगळ्यात जुनी पाचर होती, लाकडी पट्टीची, तळाला मऊ कापड लावलेली. हिच्यावरूनच तिला नाव पडलं होतं. तिने ती हळूच ओढली आणि दार तिच्या पाठीमागे धाडकन मिटलं.

मात्र सात वस्तूंना तिने हात लावला नाही. जिथे कुणाचं बोट सापडेल, कुणाच्या डोक्यात काही पडेल, अशा त्या सात. त्या काढायच्या तर आधी वस्तादाला जाऊन विचारावं लागलं असतं, आणि तो आता विचारण्याच्या पलीकडे होता. त्या सातांची नावं एका चिठ्ठीवर लिहून तिने खाली लिहिलं, 'या काढणार नाही. कारवाई करा.' चिठ्ठी बादलीत टाकली.

सगळ्यात शेवटी साहेबांची खोली. साहेब घरी गेले होते. त्यांच्या टेबलाच्या मागच्या पायाखाली नऊ वर्षांपूर्वी, तिसऱ्या साहेबांच्या काळात, तिने एक जाड घडी सरकवली होती. तीही काढली. टेबल एका अंगाला कललं. एकशे छत्तीस वस्तूंची बादली तिने टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली, कारण कडेला ठेवली असती तर घसरली असती.

शुक्रवारी सकाळी वाचनालय उघडलं आणि दहा मिनिटांत त्याचे धागे सुटायला लागले. घड्याळ नऊ दहाला थांबलं. नळ टपटपायला लागला आणि खाली ठेवलेला तांब्या तासाभरात भरून वाहू लागला. नोंदकार्डांचं कपाट पुढे झुकलं आणि त्याचे वीसच्या वीस खण जीभ काढल्यासारखे बाहेर आले. छोटी लिफ्ट पुस्तकं घेऊन वर गेली ती वरच राहिली. खिडकी वाऱ्याने उघडली, वाचकांचे कागद उडाले. आणि वाचनकक्षाचं दार. धाड. अर्ध्या मिनिटाने पुन्हा धाड. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा प्रत्येक धाडीला चष्मा काढून दाराकडे बघत आणि पुन्हा घालत.

साहेब तिला शोधत तळघरात आले. टाय वाकडा झाला होता. "हे काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही लिहिलंत ते." तिने कागद पुढे केला. "होय, सर्व."

"परत लावा. ताबडतोब लावा."

"लावते ना. पण कुठली कुठे ते आल्बम पाहून लावावं लागेल. एकशे छत्तीस वस्तू आहेत साहेब, माणसाच्या लक्षात राहतात का?"

आता हे खोटं होतं, हे मी आधीच सांगून बसले आहे. सगळं तिच्या लक्षात होतं. पण एकतीस वर्षांत एक खोटं तिला माफ असावं.

"मग आणा आल्बम."

"आणते. पण तो माझ्याबरोबर येईल आणि माझ्याबरोबर जाईल. एवढं कबूल असेल तर लेकीला फोन करते, ती आज घरी आहे."

साहेब कबूल म्हणणार तेवढ्यात वरून काउंटरबाई धावत आल्या. समिती आली होती.

समितीत तिघं होती. दोघं गृहस्थ आणि एक वयस्क बाई, हातात काठी, केस पांढरेशुभ्र. त्याच अध्यक्ष. साहेब पळत जिना चढले आणि त्यांच्या पुढे जाऊन वाचनकक्षात उभे राहिले. "या, या. हा आमचा वाचनकक्ष. इथली शांतता हे आमचं..." धाड. साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. धाड. मग त्यांनी एकच गोष्ट केली जी सुचण्यासारखी होती. ते दाराशी सरकले, पाठ दाराला लावली, एक टाच दाराखाली रुतवली आणि हसतमुखाने बोलत राहिले. दार गप्प झालं.

अध्यक्षबाई फिरून फिरून बघत होत्या. खिडकीपाशी थांबल्या. कपाटाच्या बाहेर आलेल्या खणांपाशी थांबल्या. मग दाराशी आल्या आणि काठीने साहेबांच्या बुटाशेजारची फरशी दाखवली. तिथे एक पांढरट, झिजलेला त्रिकोण होता.

"इथे काहीतरी बरीच वर्षं होतं," त्या म्हणाल्या. "कुठे गेलं?"

साहेबांना दार सोडता येईना, त्यांनी टाच आणखी रुतवली.

"साहेबांच्या टेबलावर आहे, बादलीत," जिन्याजवळून पाचरबाई म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी दुरुस्तीवाली. ती वस्तू मी लावली होती. काढली मीच, हुकमावरून. कागद आहे माझ्याकडे."

अध्यक्षबाईंनी कागद वाचला. झोकदार सहीही पाहिली. "दुसऱ्या कलमातला आल्बम कुठे आहे?"

"माझ्या घरी आहे. बघायचा असेल तर आत्ता मागवते, पण देणार नाही. आधीच सांगितलेलं बरं."   तिने मान खाली घातली नाही.

"मी मागितला कुठे?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "दाखवा."

लेकीला यायला वीस मिनिटं लागली. तोवर साहेब दारालाच होते, कारण त्यांनी पाय उचलला की धाड व्हायचं आणि अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघायच्या. लेक टॉवेलात गुंडाळलेला आल्बम घेऊन आली, तो वाचनकक्षाच्या लांब टेबलावर उघडला गेला, आणि समितीचे तिघे त्यावर वाकले. वाचक उठून मागे उभे राहिले. बाहुलीच्या हातापाशी एक गृहस्थ मोठ्याने हसले. अध्यक्षबाईही हसत होत्या. मग त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्यात गेलं.

"या तारखा कसल्या?"

"मागणीपत्रांच्या. खरा भाग द्या म्हणून पाठवलेल्या."

"प्रत्येकासाठी? याला पुरावा काय? नकला आहेत?"

"बादलीतच आहेत," पाचरबाई म्हणाली. "साहेबांच्या टेबलाचा पाय नऊ वर्षं त्यांच्यावरच उभा होता. उत्तर येत नव्हतं, म्हटलं तेवढा तरी उपयोग होऊ दे. नंतरच्या घरी आहेत."

लेकीने बादली आणली. घडी उलगडली. टेबलाच्या पायाचा चौकोनी ठसा सगळ्या कागदांवर आरपार उमटला होता, पण अक्षर टपोरं होतं आणि तारखा आल्बमशी तंतोतंत जुळत होत्या.  पेपरवाल्या आजोबांनी चष्मा काढून साहेबांकडे पाहिलं, आणि या वेळी पुन्हा घातला नाही.

अध्यक्षबाईंनी छापील कागद, तात्पुरती दुरुस्ती नसल्याचा, साहेबांच्या फायलीतून काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. मागणीपत्रांची त्यांनी यादी करून घेतली. आल्बम मिटला, दोन्ही हातांनी पाचरबाईला परत दिला आणि म्हणाल्या, "हा तुमच्यानंतर कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा. पण आधी या दाराचं काहीतरी करा. यांचे पाय दुखत असतील."

पाचरबाईने बादलीतून पाचर काढली. दारापाशी गेली. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि टाच उचलायला लागले.

"एक मिनिट साहेब. हलू नका."

आणि तिने गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

पुढचं सगळं लगेच झालं असं नाही. खरे भाग आले, पण निम्मेच आले. उरलेले अजून यायचेत. निरोपाच्या पत्रात साहेबांनी 'काम समाधानकारक' एवढंच लिहिलं. तिने ते वाचून लेकीला सांगितलं की हे तात्पुरतं आहे, खरं पत्र मागवलंय. तळघरात आता दुसरी फिटर आहे, तरुण, जराशी घाईची. पाचरबाई तिला दर शनिवारी आल्बम दाखवायला जाते, एकेक पान, आणि पाठ म्हणून घेते.

पण मी तुम्हाला त्या फोटोचं सांगत होते. आठवड्याने तो छापून आला. पाचरबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो चिकटवत होती. लेक चहा घेऊन आली, खांद्यावरून वाकली आणि कप हातातच राहिला. फोटोत साहेब होते, दाराला पाठ लावून, एक टाच रुतवलेली, टाय वाकडा, चेहऱ्यावर समितीसाठी काढलेलं हसू तसंच अडकलेलं.

"आई," लेक म्हणाली, "एकतीस वर्षांत या आल्बममध्ये एक माणूस आला, आणि तो हा? माझ्या लग्नात तू खुर्चीच्या पायाचा फोटो काढलास. मी बसले होते गं त्या खुर्चीवर. माझा एक नाही काढलास कधी."

पाचरबाई डिंकाचं बोट पुसत होती. "या आल्बममध्ये तात्पुरतं असतं ते जातं," ती म्हणाली. "तू तात्पुरती आहेस का?"

 लेकीने कप खाली ठेवला, डोळे पुसले, आणि आईचा खांदा धरूनच फोटोखालच्या चार ओळी वाचल्या.

कुठे: वाचनकक्षाचं दार.
काय: साहेब.
कधीपासून: शुक्रवार, सव्वाअकरा ते बारा.
काढल्यास काय होईल: काही होणार नाही.